धुराची आंघोळ

काकू आमच्या बेकरीत पहिल्यांदा आल्या त्या पाव घ्यायला नव्हे. एप्रिलमधली सकाळ होती. हातात ताट, ताटात तळलेल्या कुरडया, आणि चेहरा असा प्रसन्न की कुणालाही वाटावं, शेजारी म्हणून काहीतरी द्यायला आल्यात. ताट त्यांनी फळीवर ठेवलं आणि माझ्या यजमानांना म्हणाल्या, "घ्या, खा."

यजमान मुळात मितभाषी. त्यात समोर काकू. कोर्टातून निवृत्त झालेल्या एका कारकुनाची ही पत्नी. कोर्टात काम नवऱ्याने केलं, पण उलटतपासणीची कला मात्र घरी हिने उचलली, असं गल्लीतले लोक म्हणत. यजमानांनी मुकाट्याने कुरडईचा तुकडा तोंडात टाकला.

"कशी झालीय?"

"छान."

"तीळ लागले का?"

यजमानांनी आता कुरडईकडे नीट पाहिलं. खरंच, पांढऱ्या कुरडईवर बारीक काळे ठिपके होते. "हो. तीळ घातलेत वाटतं."

"मी नाही घातले. तुम्ही घातलेत. तुमच्या धुराड्यातून थेट माझ्या गच्चीवर. आता ताट संपवा. गहू माझा, काजळी तुमची, वाळवण भागीदारीतलं."

मी तेवढ्यात शाळेला निघाले होते. मलाही थांबवून घेतलं. आम्ही दोघांनी ते ताट संपवलं आणि काकू हाताची घडी घालून बघत उभ्या राहिल्या. जाताना रिकामं ताट उचलून म्हणाल्या, "उद्या पापड आणते."

सत्तर सालानंतरची ती पहिली वर्षं. नगरमध्ये आमची बेकरी एका अरुंद गल्लीच्या तोंडाशी होती. भट्टी सासऱ्यांच्या वेळची, विटांची, बुटक्या धुराड्याची. यजमान पाव, खारी, टोस्ट आणि नाताळात केक करत. मी मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. भट्टीत बाभळीची लाकडं जळायची. ती सावेडीच्या माळाकडून गाडीने येत आणि निम्मी ओलीच असत. ओलं लाकूड पेटलं की धुराड्यातून असा धूर निघे की समोरच्या घरातली माणसं दिवसा दिवा लावत. आम्हाला त्याचं काही वाटत नव्हतं. धूर आपल्याच घरचा असला की तो डोळ्यांत जातो, डोक्यात जात नाही. काकूंच्या कुरडयांनी तो पोटात घातला तेव्हा आम्ही विचार करू लागलो.

मी यजमानांना म्हणाले, "काजळी म्हणजे न जळलेलं इंधन. सगळं नीट जळलं तर काजळी निघणारच नाही. मी मुलींना दरवर्षी शिकवते."

ते म्हणाले, "मग दरवर्षी शिकवतेस ते एकदा करून दाखव."

हे ते सहज बोलले. पण मला असं कुणी म्हटलं की माझी झोप जाते.

ओल्या लाकडाऐवजी सुकं आणि स्वस्त काय मिळेल, याचा मी शोध घेतला. राहुरीकडच्या एका गुऱ्हाळातून यजमान बिस्किटांसाठी गूळ आणत. तिथे रस काढलेल्या उसाच्या चिपाडांचे ढीग पडलेले असत. माझ्या मनात आलं, चिपाडांचा भुसा करायचा, चिकट काहीतरी घालून दाबायचा, वड्या पाडायच्या आणि त्या जाळायच्या. चिकट पदार्थही तिथेच होता. गूळ करताना रस उकळला की वर जो मळकट फेस येतो त्याला मळी म्हणतात. ती काढून टाकतात. यजमानांनी चिपाडाच्या गोण्या आणि मळीचे दोन डबे टेम्पोत घालून आणले. गुऱ्हाळवाल्याने चिपाड आनंदाने दिलं, मळी मात्र देताना त्यांच्याकडे जरा रोखून पाहिलं. "बेकरीत मळी कशाला लागती?" असं त्याने विचारलं. यजमान म्हणाले, "बायकोला पाहिजे." त्याने पुढे काही विचारलं नाही, पण मान अशी हलवली की यजमानांना वाटभर विचार करूनही त्याचा अर्थ लागला नाही.

तो अर्थ आम्हा दोघांना चार-पाच दिवसांनी कळला.

बेकरीच्या मागच्या अंगणात आम्ही एका पिंपात भुसा आणि मळी कालवली. कालवायला यजमानांनी हाताशी होती ती मैद्याची लाकडी काठी घेतली. ती काठी वर्षानुवर्षं खमिरात बुडालेली. वर एप्रिलचं नगरचं ऊन. मी विज्ञान शिकवणारी बाई, साखर, खमीर आणि ऊब एकत्र आल्यावर काय होतं हे मला ठाऊक असायला हवं होतं. ठाऊक होतंही. फक्त आठवलं नाही. तिसऱ्या दिवशी पिंप गुणगुणायला लागलं. चौथ्या दिवशी त्यातून बुडबुडे वर यायला लागले आणि सगळ्या गल्लीला एक वास सुटला, जो गल्लीतल्या बऱ्याच पुरुषांनी चटकन ओळखला आणि ओळखला नाही असं दाखवलं.

पाचव्या दिवशी दुपारी हवालदार आले. मिशा, टोपी, हातात काठी. आत येण्याआधीच त्यांचं नाक आत आलं होतं.

"पिंपात काय हाय, बाई?"

"प्रयोग चाललाय."

"कसला?"

"संशोधन आहे हो. इंधनाचं."

हवालदारांनी पिंपात डोकावून पाहिलं, खोल श्वास घेतला आणि डोळे क्षणभर मिटले. मग कर्तव्य आठवून ताठ झाले. "आमच्या हद्दीत असलं संशोधन लई जण करत्यात. ओढ्याच्या कडंला, झाडाझुडपात. त्याला आमी हातभट्टी म्हणतो."

"ही हातभट्टी नाही," यजमान पहिल्यांदाच तोंड उघडून म्हणाले. "ही नुसती भट्टी आहे."

"भट्टी हाय. मळी हाय. वास हाय. मग हात कुणाचा, येवढंच राह्यलं."

आता मी पुढे झाले. पिंपातला लगदा हातात घेऊन पिळून दाखवला, ही दारू नाही, वड्या करायचं मिश्रण आहे असं सांगितलं. हवालदार म्हणाले, "मग जाळून दाखवा." मी लगद्याचा गोळा भट्टीत टाकला. ओला गोळा जळेना. फुसफुसला आणि धूर सोडू लागला. हवालदारांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला क्षणभर माझ्याच निर्दोषपणाची शंका आली.

बरं झालं की पहिल्याच दिवशी मी काही वड्या नानकटाईच्या साच्यात दाबून भट्टीच्या माथ्यावर ठेवल्या होत्या. त्या तिथे कडक वाळल्या होत्या. यजमानांनी त्या आणून आत टाकल्या. लख्ख पेटल्या. पिवळा, स्वच्छ जाळ. हवालदार वाकून बघत राहिले. त्या जाळावर भाजलेले पहिले पाव यजमानांनी त्यांच्यापुढे ठेवले, मी चहा केला. तीन पाव खाऊन हवालदार उठले आणि म्हणाले, "संशोधन चांगलं हाय. पन ते पिंप आजच्या आज मोकळं करा. मी आलो म्हणून बरं. दुसरा कुनी आला असता, त्यानं पिंपच न्येलं असतं."

पिंप मोकळं केलं. पण गल्लीत बातमी फुटली होती. पुढचा आठवडाभर दिवस मावळायला आला की कुणीतरी अनोळखी माणूस बेकरीत यायचा, पाव विकत घ्यायचा आणि घोटाळत उभा राहायचा. एकाने तर बगलेतली रिकामी बाटली हळूच फळीवर ठेवली आणि यजमानांच्या कानाशी लागून विचारलं, "शेठ, ते संशोधन हाय का थोडं शिल्लक?"

मळीचा नाद आम्ही सोडला. त्याऐवजी बेकरीत झाडून निघणाऱ्या मैद्याची खळ केली आणि भुसा तिच्यात मळला. खळ आंबायच्या आत वड्या वाळल्या पाहिजेत म्हणून मोठी, उन्हाची जागा लागणार होती. अशी जागा गल्लीत एकच होती. मी काकूंकडे गेले.

"माझी गच्ची? तुमच्या सरपणाला?" काकूंनी चष्म्यावरून पाहिलं.

"धूर बंद करायचा तर एवढं करावं लागेल. नाहीतर पुढच्या वर्षीही आम्ही कुरडया खायला आहोतच."

हा मुद्दा त्यांना पटला. काकूंनी गच्चीचे दोन भाग केले. मधे दोरी. दोरीच्या अलीकडे त्यांचे पापड, पलीकडे आमच्या वड्या. आणि पाच-सात दिवसांत त्यांना या कामाची अशी गोडी लागली की त्या स्वतः वड्या उलट्या करायला लागल्या, कावळे हाकायला लागल्या, आणि दुपारी गच्चीवरून ओरडून यजमानांना सांगायला लागल्या, "तुमचं वाळवण आणखी दोन उन्हं मागतंय हो!"

त्याच दिवसांत त्यांच्याकडे विहीणबाई आल्या, मुलीच्या सासूबाई, पुण्याच्या. प्रत्येक गोष्टीत "आमच्याकडे पुण्यात असं नसतं" म्हणायची त्यांना सवय. त्या काकूंबरोबर गच्चीवर गेल्या. मीही तिथेच होते. नानकटाईच्या साच्यातून काढलेल्या, तपकिरी, गोल, कडेला नक्षी उठलेल्या वड्या उन्हात चमकत होत्या. विहीणबाईंनी न विचारता त्यातली एक उचलली आणि चावली.

मी तोंड उघडणार तोच काकूंनी माझा हात दाबला.

विहीणबाई चावत राहिल्या. बराच वेळ. मग म्हणाल्या, "जरा जाड दळलंय नाही?"

"आमच्याकडे नगरला असंच दळतात," काकू म्हणाल्या.

"आणि गोड कमी."

"तब्येतीला बरं असतं."

विहीणबाईंनी अर्धी वडी शिष्टाचार म्हणून संपवली आणि उरलेली अर्धी, आम्ही दुसरीकडे बघतोय असं वाटून, हळूच कठड्यापलीकडे टाकली. त्यांची तब्येत उत्तम राहिली. चिपाड आणि मैदा, त्यात वाईट काय असणार! पण त्या खाली गेल्यावर काकू दोरीपाशी बसल्या आणि पदराने डोळे पुसत इतक्या हसल्या की त्यांना पाणी आणून द्यावं लागलं. त्या दिवसापासून त्यांनी मला "मास्तरीणबाई" म्हणायचं सोडलं आणि "अगं" म्हणायला लागल्या.

वड्यांवर भट्टी चालू लागली. धूर खरोखर कमी झाला. मी शाळेत दोन दिवस मान वर करून फिरले. तिसऱ्या दिवशी काकू पुन्हा ताट घेऊन हजर. आता ठिपके काळे नव्हते, करडे होते आणि आकाराने मोठे होते. चिपाडाची राख हलकी, पापुद्र्यासारखी. ती जाळाबरोबर वर उडायची, धुराड्यातून बाहेर पडायची आणि निवांत तरंगत जिथे पापड दिसेल तिथे उतरायची.

"धूर गेला, राख आली," काकू म्हणाल्या. यजमानांनी सवयीने ताटाकडे हात नेला. काकूंनी तो बाजूला केला. "आता नको. आता तुम्ही आपल्यातले."

म्हणजे आता वर जाणारं जे काही असेल ते वाटेतच पकडायला हवं होतं. मी म्हणाले, धूर पाण्यातून सोडू. पाणी राख धरून ठेवेल. यजमानांनी एका पत्र्याच्या कारागिराकडून डांबराचं जुनं पिंप साफ करून घेतलं, धुराड्याचा नळ वाकवून त्या पिंपातल्या पाण्यात बुडवला, आणि पिंपाच्या डोक्यावर दुसरा नळ बसवून तो वर काढला. धूर आपण होऊन पाण्यात शिरेना, म्हणून लोहाराचा हाताने फिरवायचा पंखा जोडला. पंखा फिरवला की पिंप गडगडायचं आणि वरच्या नळातून जवळजवळ पांढरी वाफ निघायची. एवढं सगळं जुळवण्यात सुट्ट्या, सण, एक पावसाळा, सगळं गेलं. पावसाळा म्हणायचं ते नावाला. ते बाहत्तर साल होतं आणि पाऊस आलाच नाही.

नळाला पाणी येणं कमी झालं, मग आणखी कमी झालं. बायका हंडे घेऊन टँकरची वाट बघत बसू लागल्या. मैदा मिळायची मारामार, भट्टी रोज पेटायची नाही. अशा दिवसांत मी पिंपात पाणी ओतताना यजमानांच्या मोठ्या बहिणीने मला पाहिलं. त्या आमच्याकडे चार दिवस राहायला आल्या होत्या.

"माणसांना आंघोळीला पाणी नाही," त्या म्हणाल्या, "आणि ही बया धुराला आंघोळ घालतीय!"

त्यांचं बरोबर होतं. मी पिंप बंद केलं. सगळं तिथेच संपलं असतं, पण काकूंना त्यांच्या पापडांची काळजी होती. त्या म्हणाल्या, "चांगलं पाणी कशाला? धूर काय तोंड धुणार आहे? कपडे धुतलेलं पाणी घाल." आणि त्यांनी घरोघर जाऊन सांगितलं की कपडे धुतलेलं पाणी मोरीत सोडायचं नाही, बेकरीत आणून द्यायचं. काकूंनी सांगितलं म्हटल्यावर गल्ली ऐकणारच. बादल्याच बादल्या आल्या. पिंप गळ्यापर्यंत भरलं.

शनिवार होता. दुपारी शाळा सुटून मी आले होते. यजमानांनी भट्टी पेटवली, मी पंखा फिरवायला लागले. पिंप गडगडलं. मग गडगडणं थांबलं आणि आतून एक मऊ, फसफसता आवाज यायला लागला. मी जोर लावला.

बाहेर पोरांचा कल्ला झाला. मला वाटलं, टँकर आला. तेवढ्यात यजमान दारातून ओरडले, "थांब! फिरवू नकोस!" पण ते हसत होते, म्हणून मी आणखी दोन फेरे दिले आणि मग बाहेर धावले.

आमच्या धुराड्यातून साबणाचे फुगे निघत होते. गल्लीभरचा साबण, त्यात कोंडलेला धूर. करड्या मोत्यांसारखे, काही लिंबाएवढे, काही नारळाएवढे. उन्हात त्यांच्यावर रंग फिरत होते. त्या कोरड्या ठक्क दिवसांत आभाळातून काहीतरी ओलं खाली येतंय म्हणून बायका हंडे सोडून वर बघत उभ्या होत्या. पोरं उड्या मारून फुगे फोडत होती आणि प्रत्येक फुगा फुटला की त्यातून एवढासा धूर सुटत होता आणि पोराच्या नाकावर काळी टिकली उमटत होती.

आणि अशा वेळी आमच्या चर्चचे पाळकसाहेब सायकलवरून आले. शनिवारी ते दुसऱ्या दिवशीच्या उपासनेसाठी पाव सांगायला येत. अंगावर पांढरा सदरा, पांढरी पँट. ते उतरले, वर पाहिलं, आणि एक मोठा फुगा सावकाश उतरत त्यांच्या छातीवर बसून फुटला. मग दुसरा खांद्यावर. ते तसेच उभे राहिले, अंगावर एकेक काळं वर्तुळ उमटत असताना. मग अत्यंत गंभीरपणे मला म्हणाले, "बाई, बायबलात एकदा आभाळातून भाकर पडली होती, हे मी दर वर्षी सांगतो. हे काय पडतंय, तेवढं समजलं तर उद्या बोलायला बरं."

मी म्हणाले, "साहेब, हे गल्लीतले कपडे धुतलेलं पाणी आहे."

"मग माझा सदरा त्याच पाण्यात परत घाला," ते म्हणाले आणि तिथेच ओट्यावर बसून पोरांचा खेळ बघत राहिले. दुसऱ्या दिवशी उपासनेत त्यांनी काही बोलायचं टाळलं, पण माझ्याकडे पाहिल्यावर त्यांना गाणं मधेच थांबवावं लागलं.

फुग्यांनी मला एक गोष्ट दाखवली. साबणाचं पाणी राख झकास पकडत होतं. चूक होती ती पाण्यात हवा कोंडण्याची. धूर पाण्यात बुडवायचाच कशाला? पाणी त्याच्या वाटेत नुसतं टांगून ठेवलं तर? मी पिंपातलं पाणी काढलं, आत गोणपाटाचे पडदे एकामागे एक लावले आणि वरून साबणाचं पाणी त्यांच्यावर ठिबकत ठेवलं. धूर पडद्यांमधून नागमोडी वर जायचा, राख ओल्या गोणपाटाला चिकटायची, खाली साचलेलं पाणी आम्ही पुन्हा वर ओतायचो. एक बादली दिवसभर पुरायची. पंख्याचीही गरज उरली नाही. काकूंनी गच्चीवर पांढरं धोतर पसरलं. निवृत्त कारकुनांचं, त्यांना न विचारता. संध्याकाळी आम्ही तिघं वर गेलो. यजमानांनी धोतर उन्हाकडे धरलं. ठिपका नव्हता.

यजमानांनी धोतराची नीट घडी घातली आणि काकूंच्या हातात दिली. आणि त्या रात्री जेवताना त्यांनी मला दोनदा वाढलं. आमच्याकडे असं कधी होत नसे.

आता सगळं नीट व्हायला हवं होतं ना? चार दिवसांत गिऱ्हाईक निम्म्यावर आलं. मैदा मिळाला होता, पाव रोज निघत होते, आणि संध्याकाळी उरत होते. आम्हाला काही कळेना. शेवटी काकूच बातमी घेऊन आल्या.

"लोक म्हणतात, बेकरी बंद झाली."

"का?"

"धुराड्यातून धूर दिसत नाही ना! लांबून बघतात आणि परस्पर बाजारातल्या बेकरीत जातात." त्या जरा घुटमळल्या. मग दुसरीकडे बघत म्हणाल्या, "थोडासा धूर सोडता नाही का येणार? अगदी थोडा. वारा पलीकडे असताना."

यजमान खोकल्याचं निमित्त करून आत निघून गेले. आतून त्यांच्या हसण्याचा आवाज येत होता.

धूर सोडायला मी साफ नकार दिला. शाळेत एक जुनी पितळी घंटा कोपऱ्यात पडून होती. मुख्याध्यापिकाबाईंना विचारून ती आणली. पाव भट्टीतून निघाले की यजमान दारात उभे राहून घंटा वाजवू लागले. पहिल्या दिवशी लोकांना वाटलं आग लागली. दुसऱ्या दिवशी शाळेतल्या पोरी डबे घेऊन धावत आल्या. आठवडाभरात मात्र सगळ्यांना कळलं, आणि पुढे पुढे तर घंटा पाच मिनिटं उशिरा वाजली तरी कुणीतरी येऊन विचारू लागलं, "आज तब्येत बरी नाही का?"

दुष्काळ सरल्यावर संगमनेरकडचा एक गुऱ्हाळवाला बेकरीत आला. नगरला कामाला आला होता, धुराड्याचं पिंप पाहिलं आणि आत शिरला. सोबत त्याची बायको होती, ठसठशीत, डोळे लाल झालेली.

"हे काय करतंय, बाई?" त्याने विचारलं.

"धूर धुतं. राख अडवतं."

"गूळ जास्ती निघंल का त्यानं?"

"नाही."

"लवकर निघंल?"

"नाही."

"मग काय उपेग?"

मी तोंड उघडलं. पण त्याच्या बायकोने मला बोलूच दिलं नाही. "उपेग इचारतोय! धा वरीस कढईखालच्या चुलवणाम्होरं मी बसते. डोळं बघा माजं. आन् गुळात राख पडती, मग बाजारात गूळ काळा म्हनून नाक मुरडत्यात ते कुनाला? ह्यांनाच. घरी येऊन वराडत्यात कुनाला? मला."

"आगं, पन..."

"पन न्हाई. हे पिंप घ्या, न्हाईतर उद्यापासनं चुलवणाम्होरं तुमी बसा."

त्याने आमच्याकडे पाहिलं. यजमान घाईघाईने पाव मोजू लागले. "कवा मिळंल?" त्याने विचारलं.

तसंच दुसरं पिंप करून आम्ही त्यांच्या गुऱ्हाळावर जाऊन बसवलं. काकूही आल्या, हट्टाने, डोक्याला टॉवेल गुंडाळून. तिथे साबणाचं पाणी नव्हतं, पण शेजारच्या विहिरीत पाणी होतं. पडदे भिजले, चूल पेटली. धुराड्याच्या तोंडावर पांढरी वाफ आली आणि त्या बाईने पदर डोळ्यांवरून काढून वर पाहिलं. तिने ताज्या, कोमट काकवीची एक वाटी काकूंच्या हातात ठेवली. काकूंनी ती उन्हाकडे धरली, आत बारकाईने पाहिलं, आणि म्हणाल्या, "एकही तीळ नाही. आता कुणाला खाऊ घालायची गरज नाही." मग सगळी स्वतःच पिऊन टाकली. मी वाट बघत राहिले. मला थेंबसुद्धा मिळाला नाही.